रावणमिशी

मोरजीच्या वाळूत तीन रात्री
कासवाच्या एका खड्ड्याची राखण करतोय.
भोवती बांबूच्या काठ्या, निळं जाळं,
पाटीवर खडूने तारीख, अर्धी पुसलेली.
मध्यरात्र टळली, आणि जाळ्यापाशी काहीतरी
टुण्णकन उडालं.

टॉर्च लावली नाही.
तोंडात नाव आलं ते जैसलमेरपल्याडच्या चौकीतलं.
खेताराम ज्याला 'मेहमान' म्हणायचा
तो मुठीत मावणारा उंदीर,
तळपायांनाही केस,
शेपटीच्या टोकाला कुंचला.
रात्री तंबूत यायचा, बाजरीचे दाणे न्यायचा,
पाण्याच्या वाटीकडे ढुंकून बघायचा नाही.
"जन्मात पाणी प्यायला नाही हा,"
खेताराम सांगायचा, घरच्या माणसाची बढाई मारावी तसा.
आमचा टँकर आठवड्याने यायचा.
आम्ही दोघं गप्प होऊन त्याच्याकडे बघायचो.

उत्तरेच्या वाऱ्याने पुन्हा ढकललं.
उडी. थांबणं. दोन उड्या.
पायाशी आलं तेव्हा कळलं,
रावणमिशीचा गोळा,
देठापासून सुटलेला, नुसता काटाच काटा.
उचलला, तर वजनच नाही.
त्यालाही नव्हतं. एकदाच आला होता तळहातावर,
पण आत केवढं धडधडत होतं.
ह्याच्यात काही धडधडत नाही.
फरक म्हणून एवढंच सांगता येईल.

नाही, अजून एक.
तो वाळू पोखरायचा, ही वाळू शिवते,
पेरापेराला मूळ सोडत,
खारं वारं आणि दंव खाऊन.
पण शिवायला टेकडी तर हवी.
पलीकडे जेसीबीने सपाट केलेल्या पट्टीवर
प्लास्टिकच्या खुर्च्या उलट्या घालून ठेवल्यात.
गोळे त्यांच्या पायांत जाऊन अडकतात,
सकाळी शॅकवरचा पोरगा झाडून काढतो.
बी कुठे पडतं, विचारायचं राहून जातं.

चारला विश्राम शेटगांवकर थर्मास घेऊन आला.
"कोणाकडे बोलत होतात?"
"पावण्याकडे."
त्याने खड्ड्याकडे पाहिलं.
"आली की काय पिल्लं?"
"नाही रे. दुसराच."
चहा ओतून तो जाळं तपासायला गेला.

गोळा मी मागच्या उंचवट्यावर ठेवला,
जिथे अजून थोडी हिरवी मुळं वाळू धरून आहेत.
वाऱ्याने तो उचलला की नाही
अंधारात दिसलं नाही.
एक काटा मात्र तळहातात राहिला.
काढायचा तर उजेड हवा,
आणि उजेड लावायचा नाही, पिल्लं चुकतात.

आता तो ठुसठुसतोय.
बारीक, भरभर.