झाकणाचे आटे

विजेरी आधी खुळखुळवली,
मग मांडीवर आपटली, मग टेबलावर,
मग शिवी दिली.
पूर्वी एवढ्यावर लागायची.

चिआतुरात वीज सातला जाते,
येते कधी ते धरणालाच ठाऊक.
मी नवव्या मजल्यावर. लिफ्ट मार्चपासून
तिसऱ्यावर अडकलेली, आत कुणाचं तरी बटाट्यांचं पोतं.
पाणी खालच्या नळाला, पायऱ्या एकशे चव्वेचाळीस,
आणि पाचव्याच्या वळणावर कठडा नाही,
कुणीतरी तोडून शेगडीत घातला.
म्हणून विजेरी. हौसेखातर नव्हे.

मेणबत्ती लावली, टॉवेल पसरला,
तिचं सगळं पोट उपसून मांडलं:
दोन सेल, स्प्रिंग, बल्ब, काच,
काचेमागची चकचकीत वाटी,
तिच्यात माझंच नाक, भोपळ्याएवढं.

बावीस वर्षं रोपवेच्या केबिनीत काढली मी,
मँगनीजच्या खाणीवर माणसं चढवली, उतरवली.
दोर थांबला की इंजिनियर धावत जाऊन मोटर उघडायचे.
मी म्हणायचे, आधी दार नीट लागलंय का ते बघा.

तर आधी बल्ब.
दारावरच्या मुक्या घंटीची तार काढली,
एक टोक सेलच्या बुडाशी, दुसरं बल्बच्या गळ्याला.
लाल, आजारी, पण पेटला.
दुसऱ्या सेलवरही तसाच.
मग बटण. आतली पितळी पट्टी काळी पडलेली;
व्हिनेगर, कापूस, खोडरबर.
जोडलं. अंधार.
स्प्रिंग ताणली, पुसली, पुन्हा बसवली.
अंधार.

जिन्यातून ओतिआ ओरडला,
"म्झेविनार, पाण्याला येतेस ना?"
त्याच्याकडे कंदील आहे, आणि रॉकेल मोजून.
"तू हो पुढे."
दाराखालच्या फटीतून त्याचा उजेड
सरकत सरकत गेला.

सेलच्या डोक्यातून वीज निघते, बल्बात शिरते,
हे शाळेतलं पोरही सांगेल.
पण परत कुठून येते?
तिला वेगळी तार नसते.
ती विजेरीच्या अंगातूनच येते,
पत्र्यातून, आट्यांतून, झाकणातून,
स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून सेलच्या बुडाशी.
मी नळीचं तोंड मेणबत्तीपाशी नेलं.

लाल.
आट्यांच्या खाचांत लाल, कंगोऱ्यांवर लाल,
नखांना लावतात तो रंग.

नानुली, हा तुझा उद्योग.
ऑगस्टात, खाली बस हॉर्न देत असताना,
एका हातात बॅग, दुसऱ्यात ती इवलीशी बाटली,
"शेजारी नेतात आणि विसरतात," म्हणालीस,
"बाहेर लिहिलं तर पुसलं जाईल, आत लिहिते."
आणि लिहिलंस. माझं नाही, तुझं.
फुंकर घालून वाळवलंस, झाकण फिरवलंस,
आणि सलोनिकाला गेलीस,
दुसऱ्या कुणाच्या आईला आंघोळ घालायला.

तेव्हापासून आपटून आपटून चालवत होते मी.
जिथे रंग विरळ, तिथे कधी चिकटायचं, कधी नाही.
आणि मी सेलला बोल लावत होते,
बाजारातल्या त्या माणसाशी भांडूनही आले.

पाच कोपेकांचं नाणं घेतलं,
आता त्याला दुसरं कामच नाही.
सगळं खरवडायची गरज नव्हती.
विजेला एवढीशी जागा पुरते.
पहिल्या अक्षरावर नाणं टेकवलं, उचललं.
शेवटच्यावर टेकवलं:
तुझी ती ई, उपड्या वाटीसारखी.
लाल भुकटी टॉवेलवर पडली, मिरचीसारखी.
उरलं ते नानुल. तुला हाक मारताना
अर्ध्यात ठसका लागावा, तसं.

झाकण फिरवलं. बटण.

छतावर ताटाएवढा उजेड, मधोमध काळा ठिपका,
कडेला ओल, आणि एक जळमट
जे दिवसा कधी दिसलं नव्हतं.

खाली ओतिआने विचारलं, काय बिघडलं होतं?
"रंग," म्हटलं.
तो समजल्यासारखं हसला. त्याची बादली भरत आली होती.

आता पाचव्याचं वळण गेलं
की मी ती बंद करते.
पुढे कठडा आहे,
आणि सेल काही फुकट येत नाहीत.