साठवा

निवतीच्या मच्छीमार सोसायटीत
चंद्रभागा कुबल आज तिसऱ्यांदा विचारते,
“काल हंयसर होतां, आज खंय गेलां?”

डाव्या कोपऱ्यात, खाली,
बारा वर्षं एकाच जागी होतं ते बटण.
तिने ते कधी पाहिलंच नव्हतं खरं तर.
हातच जायचा,
अंधारात देवळीतल्या काडेपेटीवर जातो तसा.

बंदीच्या दिवसांत मीच बसवली नवी आवृत्ती.
होड्या वर ओढलेल्या, झापांखाली,
माणसं पडवीत जाळी सांधत बसलेली,
म्हटलं, हीच वेळ.
रात्रभर टक्का टक्का उतरत राहिलं.
सकाळी निळा पडदा राखाडी झाला होता
आणि खालची पट्टी वर गेली होती.

मला आवडली. हे लिहायलाच हवं.
तासभर मी खूश होतो.

आज एक ऑगस्ट.
खिडकीबाहेर सतरा तांडेल, डिझेलच्या चिठ्ठीसाठी,
आणि कर्र कर्र कूपनं काढणारा तो सुयांचा प्रिंटर
गप्प.
त्याची भाषा बोलणारा तुकडा
नव्या आवृत्तीतून काढून टाकलाय,
आता कोणी वापरत नाही म्हणून.

कोणी नाही, म्हणजे हे सतरा.

रुक्मांगद मेतर म्हणाला, “फुकटचा मां?
धर्माची गाय, दात कित्याक मोजतास?”
दोघं-तिघं हसले.
चंद्रभागेने ड्रॉवरच्या तळातून कार्बन काढला
आणि जांभळ्या बोटांनी लिहायला बसली.
“ह्या केल्यान कोणी?”

एखादी कंपनी असती तर बरं झालं असतं.
शिव्या घालायला एक पत्ता.
पण हे कुणाचंच नाही, म्हणजे
कुठल्या कुठल्या गावांतल्या माणसांचं,
जी कामावरून आल्यावर रात्री दोन तास बसतात,
दमतात,
जुनं सांभाळायला हात पुरत नाहीत
म्हणून एक ओळ खोडतात.
त्यांतला एक मी.

हे तिला माहीत नव्हतं.
‘साठवा’ माझा शब्द.
दोन हिवाळे बसून अकराशे शब्द मराठीत केले होते,
‘जतन करा’ की ‘साठवा’ यावरून
नांदेडच्या, कधी न पाहिलेल्या एका बाईंशी
आठवडाभर भांडलो होतो,
डोळ्यांपुढे डब्यातले सुके बांगडे ठेवून.
आता मूळ वाक्यंच बदलली
तर माझे शब्द दाव्यातून सुटले,
अर्ध्या पडद्यावर पुन्हा इंग्रजी.

“थोडां मी पण,” मी म्हटलं.
तिने चष्म्यावरून पाहिलं.

मग मी तिला रेतीचं सांगू लागलो.
खाडीच्या तोंडावरचा दांडा दर पावसात सरकतो,
तांडेल दर ऑगस्टात नवी वाट काढतात,
माड आणि देवळाचा कळस
नव्याने एका रेघेत आणतात,
तसंच हे.
उपमा मला बरी वाटली होती.

चिठ्ठी फाडता फाडता ती म्हणाली,
“रेती सांगान सरकना नाय.
तुमी माणसां मां?”

सतरावी चिठ्ठी पास्कूची.
तोवर पाणी उतरलं, त्याची होडी चिखलात बसली.
तो काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं.

रात्री मी कळवलं दूरच्या त्या माणसांना:
वापरतात. सतरा होड्या, एक प्रिंटर.
पहाटे उत्तर आलं, माफी मागून,
आणि खाली एक प्रश्न:
पुढच्या वेळी आधी चालवून बघेल
असं कोणी आहे का तुमच्याकडे?

कॅलेंडरच्या पाठीवर
चंद्रभागेने नव्या पडद्याचं चित्र काढलंय.
बटणांना तिची नावं:
चिठ्ठी. मागे फिर. एकावर, हात लाव नको.
आणि उजव्या कोपऱ्यात, वर,
जिथे आता इंग्रजी अक्षरं आहेत,
जांभळ्या पेनाने माझा शब्द.

विचारायचं आहे तिला.
पगार नाही, हे आधी सांगायला हवं.