शून्याचा दगड

विजयदुर्गच्या जेटीपाशी, बंद तिकीटघराच्या मागे,
एका दगडावर शून्य लिहिलंय.
रस्ता इथून सुरू होतो, असं आमचं खातं मानतं.
गगनबावड्याच्या माणसाला विचारा,
तो सांगेल, तिथं संपतो.

मी टेपचं एक टोक धरून. दुसऱ्या टोकाला
गुणाजी जुवाटकर, मैलकुली, निवृत्तीला चार महिने.
साइडपट्टीतलं गवत कापत कापत
तो म्हातारा झाला, गवत नाही.

डांबराखाली खडी, खडीखाली मुरूम,
मुरमाखाली चाकोऱ्या.
मीठ आणि सुकट वर जायचं, गूळ खाली यायचा.
करुळच्या चढणीला गाडीपुढे जादाची जोडी जुंपत,
माथ्यावर सोडत,
आणि ती रिकामी परत उतरायची
पुढच्या गाडीसाठी.
गुणाजीचा आजा त्या जादाच्या बैलांमागे.
जन्मभर घाट चढला,
माथ्यापलीकडचं कोल्हापूर
त्याने गुळाच्या वासावरून ओळखलं.

मग बोट आली. तिचा भोंगा
वारा बरा असला तर पडेलपर्यंत ऐकू जाई, म्हणतात.
मग बोट गेली.
मग एसटी, मग आंब्याचे ट्रक,
रात्री दोनला, ताडपत्री फडफडवत,
पेट्यांतल्या पेंढ्याचा वास मागे टाकत.

राज्याच्या रस्त्याला हिरव्या टोपीचे दगड,
राष्ट्राच्या रस्त्याला पिवळ्या.
तळेऱ्यापासून वर टोप्या पिवळ्या झाल्या,
गुणाजीनेच ब्रश मारला, दोन हात.
मी विचारलं, कसं वाटतं?
"दगड थंयच आसा, सायबा.
टोपी तेवडी बदालली."

मुटाट सोडलं की एक वळण लागतं.
डावीकडे डोंगर नाही, उजवीकडे दरी नाही,
सपाट कातळ, आणि रस्ता उगाच वाकलेला,
जसा माणूस चालता चालता
कोणी हाक मारल्यासारखा वळतो.
सरळीकरणात हे जाणार. नकाशावर लाल रेघ मारून झाली आहे.

"हय खैरुनबी सोलकरणीची बाव होती," गुणाजी म्हणाला.
"बैलांक पाणी खंय, रस्तो थंय."
बाव बुजली, खैरुनबीची नातवंडं कुवेतला,
जांभ्याची दोणी कोणी तुळशीखाली नेऊन लावली.
वळण तेवढं राहिलं.

त्याने टेप ओढून धरला. मी आकडा घेतला.
एकशे सोळा मीटर, चाळीस सेंटीमीटर.
मोजमाप पुस्तकात वळणाचं कारण लिहायला
एक बारीक रकाना असतो,
बहुतेक वेळा आम्ही तिथे आडवी रेघ मारतो.
आज मी लिहिलं: पाणी.

आठवड्याभरात वरून विचारणा येईल,
साचतं का?