शिसपेन्सिलीनं

त्या आठवड्यात प्रिंटरची शाई संपत आलेली,
म्हणून नावं ठळक आणि रोग पुसट.
दोनशे सहा माणसांचं आमचं बेट.
प्रत्येकाला एक पान :
रक्तदाब, साखर, कुठल्या साली कुठली लस,
आईवडील कशानं गेले,
आणि तळाशी एक ओळ,
तपासायचं काय राहिलंय.

कास्त्रोहून आलेली डॉक्टरीण म्हणाली, वाटून टाक.
आपलं पान आपल्या हातात आलं
की दुखणं अंगावर काढायची सवय सुटते.
मी मान हलवली.
चिलोएच्या या टोकाला
माणसं त्याच सवयीवर उभी असतात,
हे तिला कोण सांगणार.

गमबूट चढवून दारोदार गेले.
दोन्या एउदोसियानं पान चुलीपाशी नेलं.
वाटलं, आता पेटवणार.
तिनं ते नुसतं वाळवलं
आणि येशूच्या तसबिरीमागे खोचलं,
जिथं वीजबिलं असतात.
बाल्दोमेरो शिंपले उघडत होता, मान वर न करता म्हणाला,
हात दाखवून अवलक्षण कशाला?
एका पोरानं होडी केली. छान तरंगली.

आर्तेमियो नावेलकीनचं पान असं होतं :
वय एक्कावन्न. सिगारेटी, रोज पंधरा.
वडील : बुडून मृत्यू, वय त्रेपन्न.
तपासायचं राहिलंय : दात, डोळे.

रात्री जेवताना त्याच्या मुलीनं ते वाचलं,
मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तसं.
दात म्हटल्यावर सगळे हसले.
रेमिहियो हसला नाही. थोरला भाऊ तो,
हातातला बटाटा अर्धा सोललेला.
म्हणाला, चूक आहे.

काय चूक?

पाण्यात पडायच्या आधीच गेले होते ते.
वल्हं सोडलं, डावा दंड असा धरला,
आणि माझ्याकडे पाहिलं,
मी घरी काही विसरून आलोय जणू.
मग होडी कलली.
सतरा वर्षांचा होतो. वर ओढता आलं नाही.
लोक म्हणाले, बुडाले. मी म्हटलं, हो.
बुडाले म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही,
समुद्राला कोण जाब विचारतो.

चाळीस वर्षं हा माणूस रोज त्याच पाण्यात उतरला.
हे मी ऐकलं ते मुलीकडून,
दुसऱ्या दिवशी, दवाखाना उघडायच्या आधी.
तिनं पान पुढे केलं. धुराचा वास, तेलाचा डाग,
‘बुडून’वर एक रेघ,
आणि वर शिसपेन्सिलीनं, शाळकरी अक्षरात :
हृदय. काका सांगतात.

संगणकानं विचारलं, माहितीचा स्रोत?
रुग्णालय, मृत्यूचा दाखला, इतर.
मी ‘इतर’ निवडलं. समोरच्या चौकटीत लिहिलं,
होडीत असलेला मुलगा.

जतन केलं तशी तळाची ओळ आपोआप वाढली.
हृदयाचा आलेख. रक्तातली चरबी.
सिगारेटीबद्दल एक वाक्य, जे मी नंतर पुसलं,
ते त्याला मी तोंडानं सांगणार होते.
मग सुचलं म्हणून रेमिहियोचं पान उघडलं.
तोच बाप. तीच चूक.
तिथंही तळाशी : दात, डोळे.

मंगळवारच्या लाँचनं दोघं कास्त्रोला गेले.
ओहोटी होती, गुडघाभर चिखलातून चढावं लागलं.
आर्तेमियो आत, इंजिनाच्या उबेला.
रेमिहियो बाहेरच्या फळीवर,
पाण्याकडे तोंड करून.
आलेखात काय निघालं ते त्यांचं त्यांना ठाऊक,
म्हणजे मलाही, पण ते इथं लिहायचं नाही.

ते पान अजून माझ्या खणात आहे.
नवं छापून द्यायचंय, दुरुस्त केलेलं.
शाई पुढच्या महिन्यात येईल म्हणतात.
मुलगी दोनदा विचारून गेली.
मी म्हटलं, थांब जरा.
दोनशे सहा पानांत
हे एकच तर लांबून वाचता येतं.