पिस्तूल

बाबांचं एकच कॉमिक छापून आलं.
बत्तीस पानं, किंमत दीड रुपया.
गांधीबागेतल्या ज्या प्रेसनं छापलं
तिथं एरवी संत्र्याच्या पेट्यांची लेबलं निघायची,
म्हणून शाया दोनच, काळी आणि नारिंगी,
म्हणून एजंट निशांकच्या पहिल्या मोहिमेतली
रात्रसुद्धा नारिंगी.
तीही जरा सरकलेली:
निशांक भिंतीवरून उडी मारतो,
त्याचा शर्ट अजून भिंतीवरच.

एकोणीस वर्षांचा पोरगा. मिसरूड धड फुटलेलं नाही.
कामठीच्या छावणीतून एक लाखबंद पाकीट घ्यायचं,
पहाटेच्या भोंग्याआधी सीताबर्डीच्या किल्ल्यात पोचवायचं.
मधे पिवळी नदी, दोन जीपा, एक लंगडा कुत्रा.
आणि पाकीट उघडायचं नाही.

आम्ही क्वार्टरमधली पोरं कूलरसमोर पालथी पडून वाचायचो,
ओल्या वाळ्याच्या वासात. पान उलटलं की बोटं नारिंगी.
मोरेश्वर नखाते, ज्याचा काका फौजेत, म्हणाला,
"काऊन बे, हे पिस्तूल असं कसं?
घोडा उलटा हाये. गोळी याच्याच पोटात घुसन."
सगळे हसले. मीही हसले.
घरी येऊन मोरीत रडले.

कारण बाबा अंबाझरीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन.
दुधाच्या हिशेबातला सातसुद्धा पट्टी लावून काढणारे.
त्यांना घोडा कळत नव्हता?
विचारलं तेव्हा ते पेन्सिलीला टोक करत होते.
करतच राहिले.
"उडी छान जमली नं, कुंदे?"

तिसऱ्या पाळीहून यायचे, सायकल जांभळीला टेकवायचे,
आई विचारायची, काय केलं आज?
"ड्यूटी."
तेवीस वर्षं तेवढंच,
मग पोहे, तर्री जास्त.

शेवटच्या पानावर निशांक पाकीट देतो.
सुभेदार ते न उघडता कपाटात ठेवतो,
म्हणतो, जा, झोप.
पोरं भडकली. स्फोट कुठाय? आत होतं काय?
खाली उजव्या कोपऱ्यात छोटी चौकट:
दारात आई, कुठं होतास रात्रभर?
निशांकच्या फुग्यात तीन टिंबं.

दुसरा अंक निघाला नाही.

बाबांच्या मागे ट्रंकेत मूळ कागद सापडले.
खिडकीशी धरले तर शाईखाली खोडलेल्या रेघा,
रबर जोरात फिरवलेलं, कागद साल गेल्यासारखा.
एकतीस पिस्तुलं.
प्रत्येकाचा घोडा आधी बरोबर काढलेला.
हाताला दुसरं येत नसावं.

यंदा सव्वीस जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडला,
तिथं रांगेत नखाते भेटला. ढेरी, गुडघ्याला पट्टा.
"तुह्या बाबाचं ते पिस्तूल, राजा!" म्हणत
हसला इतका की खोकला आला.

मी त्याला पाण्याची बाटली दिली.
म्हटलं, हो रे.
चुकलंच होतं त्यांचं.