खोटे कान

थर्मामीटर मी मोबाइलच्या उजेडात वाचते.
एकशे चार पूर्णांक दोन.
भिला आप्पा म्हणतो, "आंग तपेल शे बाई,
ताप उतारी दे ना."
मी सुई भरते
आणि तशीच ट्रेमध्ये ठेवून देते.

कसं सांगू आप्पा,
हा ताप रोगाचा नाही. मोरीचा आहे.
तिनंच पेटवलाय.
हरभऱ्यात डुकरं शिरली की
बुराईच्या काठाने रात्रभर
तुम्ही जाळ करून बसता, तसा.
एकशे सहाला गेला तर मीच विझवीन.
तोवर तिचा जाळ तिला राखू द्या.

परवा कधीतरी गोमाशी मानेवर बसली,
उठली,
आणि कातडीच्या एका पेशीत काही शिरलं.
जिवंत म्हणवत नाही, मेलेलंही नाही,
पाकिटात बंद केलेला नुसता मजकूर.
त्या पेशीनं हे पाकीट कधी पाहिलेलं नव्हतं.
तिला कुणी लस दिली नव्हती, शिकवलं नव्हतं.
एवढंच उपजत ठाऊक:
आपलं सूत माजघरात असतं.
ओसरीवर सूत दिसलं
तर ते परक्याचं.

मग ती ओरडते.
स्वतःसाठी नाही, तिचं तर झालंच.
शेजारणींसाठी:
मी चालले, तुम्ही कड्या लावा,
चुली विझवा,
भाकरी थापू नका, त्याला आयती मिळेल.

इथे मला दरवेळी थांबायला होतं.
कारण हा विषाणू हुशार नाही, फक्त जुना आहे,
आणि कुठल्याशा जनावराकडून
कधीकाळी त्यानं कान उचलून आणलेत.
हुबेहूब पेशीचे कान.
ते तो गल्लीत सोडून देतो, पाठीमागे कुणी नसलेले.
हाक त्यांच्यात पडते
आणि तिथेच राहते.
शेजारीण पीठ मळत असते.

आप्पा, पहिली गाठ मंगळवारी आली ना?
सुपारीएवढी, खांद्यावर?
तुम्ही पोराला म्हणालात, माश्या चावन्यात.
गोठ्याला ताडपत्री लावलीत.
दोंडाईच्याचा बाजार बंद पडेल,
गोऱ्ह्याची जोडी ठरलेली होती, समजतं मला.
आणि मी?
मालपूरहून फोन आला होता त्या आधीच्या शनिवारी.
"संशयित" असं लिहून
निकाल येईपर्यंत कागद टेबलाच्या खणात ठेवला.
माझेही कान
हुबेहूब कानासारखेच आहेत.

कडुनिंबाचा धूर गोठ्यात कोंदलाय.
मोरीच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड,
छातीखाली सूज लोंबतेय.
वासरू लांब बांधलंय, ते हंबरतं,
ती मान वळवते, तेवढीच.
बाकीच्या सात जनावरांना मी लस टोचते.
शेळ्यांच्या देवीची लस, गाईंना.
चुलत्याचा फोटो दाखवून सांगायचं,
असा चेहरा दिसला की दार उघडू नका.

अर्जात रकाने आहेत:
पशुपालकाचं नाव, बिल्ला क्रमांक, दिलेले उपचार.
गाईनं स्वतः काय केलं
याला रकाना नाही.
मी "उपचार" पुढे वेदनाशामक लिहिते, खोडते,
मलम लिहिते, पाणी, गूळ, मऊ चारा.

पहाटे एकशे तीन.
मोरीनं जबडा हलवला, एकदाच,
रवंथ म्हणावं इतकाही नाही.
आप्पानं पाहिलं नाही, तो चहा गाळत होता.
धुरपताबाईनं पाहिलं.
ती उठली, पदर खोचला, भिंतीशी गेली.
आप्पानं डोळ्यांनी दटावलं तरी
हाताचा भोंगा करून ओरडली,
"वं कमल! आमनी मोरीले गाठी उनात!
तुनं वासरू देखी ले, दूर बांध!"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग दावं सोडल्याचा आवाज,
खुरांचा,
आणि एक कडी.