घोडी

कॅम्पात, इनास फुर्तादच्या व्हरांड्यात
मांडीवर घेतली तेव्हा वाटलं,
गिटार कसली, कुणाचं तरी तान्हं.
पोट फुगीर, छातीवर व्हायोलिनसारखे दोन चिरे.
"प्लायवूड हाय हं," इनासनं आधीच सांगितलं,
"कोरीव लाकूड ह्या पैशात कुठलं?"
अकरा म्हणाला. नऊ हजारांवर तुटलं.

दोन वर्षं झाली.
वडगावात माग थांबले की वाजवतो.
सहाव्या पडद्यावर पाचवी तार अजून झणझणते,
आवाजाचं बटण खरखरतं,
मोठ्या गिटारीचा घुमार तर नाहीच.
सूर लगेच विझतो,
म्हणून पुढचा आधीच
मनात लावून ठेवावा लागतो.

घोडी तिची चिकटवलेली नसते.
तारांच्या दाबावर उभी, बस्स.
इनासनं पायाशी पेन्सिलनं रेघ मारलेली:
"हितंच ठेव की."
मी ऐकत ऐकत सरकवली
केसभर अलीकडे.
तिथं लागते ती सुरात.
रेघ पुसली नाही.

परवा धारवाडचा एक पोरगा आला,
विकणार का, कन्नडात विचारलं.
"इल्ल री," म्हटलं,
आणि त्याच्याच मांडीवर दिली.
बराच वेळ तो
त्या रेघेकडं बघत होता.